अर्धं शटर

"बसवजयंतीच्या मिरवणुकीत तुझं गाणं वाजलं पायजे," लिंगराजअप्पा म्हणाले, "आन मानसं थांबून ऐकली पायजेत. न्हाई ऐकली, तर दुसऱ्या दिवशी खोलीत सरकीची पोती. मग तुझा तो माईक बैलाच्या गळ्यात बांध, घुंगरू म्हनून."

शिवकांतनं मान हलवली. बापाकडून पेंडीच्या दुकानामागची खोली रेकॉर्डिंगसाठी मिळवायला त्याला महिनाभर विनवण्या कराव्या लागल्या होत्या, आता अटीवर हुज्जत घालायची टाप नव्हती. ताडकळसच्या बाजारपेठेत अप्पांचं दुकान म्हणजे चालू धंदा. पण वारसाला सरकीचा वासच सोसत नव्हता. तो रोज एसटीनं परभणीला जाऊन व्यंकटराव सरांच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग शिकायचा. शिकायचा म्हणजे वायरी गुंडाळायचा आणि सर काय म्हणतात ते कान टवकारून ऐकायचा. सर एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत, "आधी शांतता करता आली पायजे. गाणं काय, मागून येतंच."

ताडकळसच्या बाजारपेठेत शांतता करायची म्हणजे चाळणीत पाणी भरायचं. तरी गड्यानं कंबर कसली. भिंतींना गोधड्या ठोकल्या, दाराला पोत्यांचा पडदा केला, फटीफटीत कापूस कोंबला. खोलीत उभं राहिलं की स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यायची. गायला त्यानं नागूआत्याला बोलावलं. नागुबाई म्हणजे अप्पांची थोरली बहीण. शिवाची भजनं म्हणावीत तर तिनंच, असं सगळे म्हणायचे. एक बायनाबाई सोडून. बायनाबाईही गाणारीच, आणि गेल्या शिवनाम सप्त्यात माईक कुणापुढं ठेवायचा यावरून दोघींची अशी जुंपली, की तेव्हापासून एकमेकींना बघितलं की पदर तोंडाला.

लाईटचा काही नेम नव्हता, त्या आठवड्यात दुपारची टिकत होती ती फक्त बाजाराच्या दिवशी. म्हणून भर बाजारात रेकॉर्डिंग ठरलं. आत्याच्या कानाला हेडफोन लावला, शिवकांतनं स्वतःच्या लावला, बोट वर केलं. आत्यानं सूर लावला, "शिवा तुझ्या दारीऽ, बेलाची सावलीऽ," आणि थांबली. थांबली ती थांबलीच.

"म्हन की आत्या पुढं."

"कशी म्हनू? मागं कुनी उचलंना की!"

"मागचं नंतर घेतो ना मी. वेगळं घेतात, मग जोडतात."

"म्हंजे आज मी म्हनायचं आन उद्या बायांनी उचलायचं? आरं, तवर मी काय तोंड उघडं ठिवून बसू?"

जन्मभर एक ओळ म्हणायची आणि मागच्या बायांनी ती उचलली की दुसरी, ही तिची सवय. ओळ उचललीच नाही तर पुढची घशातून निघेना. चार वेळा करून बघितलं. शेवटी शिवकांतची आई महेश्वरी आणि भजनातल्या आणखी पाच-सहा जणी आत आल्या. पंख्याचा आवाज माईकात येतो म्हणून पंखा बंद. चैत्रातली दुपार, भिंतींना गोधड्या. बाया मक्याच्या कणसासारख्या भाजायला लागल्या.

तरी गाणं रंगलं. पण ऐकून बघतो तर काय, टाळी पडली की बांगड्यांचा खळखळाट! शिवकांत सहज बोलून गेला, "जरा बांगड्या काढून ठिवा बरं सगळ्याजनी."

खोलीत सरांना हवी तशी शांतता झाली.

"आरं मुडद्या," महेश्वरी म्हणाली, "तुझा बाप धडधाकट बसलाय गल्ल्यावर, आन मी बांगड्या काढू? शिकायला गेलास का अक्कल गहाण टाकायला?"

बाया उठून निघाल्याच होत्या. शिवकांतनं कान धरले, पाया पडला, आणि भिंतीच्या फटीतला कापूस उपसून एकेकीच्या बांगड्यांत कोंबला, वरून रुमाल बांधला. बांगडी हातातच राहिली आणि आवाज गेला. पण फटी मोकळ्या झाल्या ना! आता बाहेरचा गलका आत यायला लागला, "ओ अप्पा, पेंड काय भाव?"

शिवकांत पळत दुकानात गेला. "अप्पा, तासभर अर्धं शटर ओढा. आन कुनाला बोलू देऊ नका. तुमी बी बोलू नका."

"बाजाराच्या दिवशी? येडा झालास का?"

"तुमीच म्हनलाव ना, मानसं थांबली पायजेत?"

अप्पा कुरकुरले, पण शब्दाचा माणूस. अर्धं शटर ओढून ते दुकानापुढच्या वट्ट्यावर बसले, तोंडावर बोट ठेवून.

यानंतर बाहेर काय घडलं, ते शिवकांतला सगळं मागाहून कळलं.

पहिले आले आबासाहेब, दर बाजाराला सरकी नेणारे म्हातारे गिऱ्हाईक. बघतात तर भर बाजारात लिंगराजचं शटर अर्धं खाली, स्वतः लिंगराज पडलेल्या चेहऱ्यानं गप्प, आणि आतून शिवाचं भजन, पडद्याआडून कुणाचा गळा ते न ओळखू येणारं. लिंगायत घरांमध्ये माणूस गेलं की भजन चालू होतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. आबासाहेब जागीच थांबले. तेवढ्यात पाणी न्यायला एक बाई बाहेर आली. घामानं निथळत, पदरानं तोंड पुसत, डोळे लालबुंद. आबासाहेबांनी विचारलं, "काय झालं, बाई?" आत जायची घाई आणि बोलायची बंदी, म्हणून तिनं नुसता हात हलवला.

"कोन?" आबासाहेब कुजबुजले.

"नागूताई," अप्पाही कुजबुजले, कोण गातंय ते विचारताहेत असं समजून.

आबासाहेबांनी टोपी काढली, खाली बसले. मग उठून बाजारात गेले. आणि बाजारासारखा टपालवाला दुसरा नाही. मिरची मोजायच्या आत बातमी भाजीवाल्यांपासून बांगड्यांच्या दुकानांपर्यंत गेली, नागुबाई गेल्या, लिंगैक्य झाल्या! माणसं येऊन वट्ट्यासमोर बसायला लागली. चपला बाहेर, टोप्या हातात, चकार शब्द नाही. अप्पांनी हे बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. आपल्या पोराचं गाणं ऐकायला बाजार टोपी काढून बसलाय! त्यांनी मनोमन खोली देऊन टाकली, आणि उपरण्यानं डोळे पुसले. ते बघून उरलेसुरले लोकही बसले.

आत मात्र या वेळी गाणं असं जमलं, की शिवकांतच्या अंगावर काटा आला. शेवटची ओळ उचलली, टाळी थांबली. त्यानं दोन्ही हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी गप्प बसवलं. गाणं संपलं की लगेच हलायचं नाही, थोडी शांतता रेकॉर्ड करायची, ही सरांची शिकवण.

आणि त्या शांततेत, दाराच्या पलीकडून, हंबरडा आला.

"नागे गंऽऽ! अशी कशी गेलीस गं न बोलताऽऽ!"

बाकीच्या बायांना पडद्यातून नुसतं काहीतरी ऐकू आलं. पण आत्याच्या आणि शिवकांतच्या कानाला हेडफोन होते. माईक असा तिखट, की मुंगीचं चालणं पकडायचा.

"बायनी रडायलीय," आत्या हळूच म्हणाली. "कुनासाठी?"

"तुझ्यासारखा गळा साऱ्या पंचक्रोशीत न्हाई गंऽऽ! सप्त्यात माईक तुझ्याच पुढं ठिवायचा होता गंऽ, मीच मेली आडवी आलेऽऽ!"

शिवकांतच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. तो उठायला लागला, तर आत्यानं त्याचं मनगट धरलं.

"बस खाली."

"आगं आत्या, बाहेर लोकांना वाटायलंय की तू..."

"वाटू दे की. संपू तर दे तिचं." मग हेडफोन कानाशी घट्ट दाबून म्हणाली, "जरा मोठं कर रं."

शिवकांतनं मोठं केलं. आत्या डोळे मिटून ऐकत राहिली. तिच्या सुराची, हाताच्या पुरणाची, शब्दाची तारीफ होत होती, आणि तिचा चेहरा जयंतीच्या दिव्यांसारखा उजळत चालला होता. सगळं गोड चाललं होतं, तोवर बायनाबाई म्हणाली, "आन माझं पितळी पातेलं बी तुझ्याकडंच राहिलं गंऽऽ!"

आत्यानं हेडफोन फेकला. "पातेलं? ते दिवाळीतच परत केलंय मी!" आणि पडदा बाजूला सारून ती तडक बाहेर.

पुढची पळापळ सांगायला नको. कुणी किंचाळलं, कुणाची टोपी राहिली, कुणाची चप्पल. बायनाबाई हातात हार धरून जागच्या जागी थिजली.

"आनलाच हायेस तर घाल गळ्यात," आत्या म्हणाली, "वाया कशाला घालवायचा?"

"मेली न्हाईस तर सांगायचं की बये! घसा सुकला माझा!"

"कशी सांगू? तू लय चांगलं बोलायलीस. माईक माझ्यापुढं ठिवायचा होता म्हनलीस."

"मी? असलं काई म्हनलेच न्हाई मी!"

शिवकांतनं बटण दाबलं. दुकानातल्या स्पीकरवर बायनाबाईचाच हंबरडा घुमला, एकेक शब्द स्वच्छ. बायनाबाईनं पूर्ण ऐकलं, मान वाकडी करून, जाणकारासारखं. मग म्हणाली, "नागे, सूर बरा लागलाय की गं माझा." आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हसल्या, की महेश्वरीला त्यांना धरून बसवावं लागलं. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घामाचं नव्हतं.

मिरवणुकीसाठी शिवकांतनं तो हंबरडा शहाण्यासारखा कापून टाकला. पण चौकात गाणं लागलं आणि सगळी मिरवणूक थांबली. गाणं संपलं तरी हलेना. बायनाबाई पुढं आली, "माझं कुठंय रं? तेच ऐकायला थांबलीत मानसं!" मग तेही लावावं लागलं, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब दुकानात हजर. सरकीचं नाव नाही.

"शिवकांत, माझं बी रेकॉर्डिंग कर."

"तुमी गाताव, आबा?"

"मला कुठलं येतंय गायला? मी नुसता आत बसतो. ते कानाचं तेवढं लाव मला. भजन दुसरं कुनी म्हनंल." मग अप्पांकडे वळून हळूच म्हणाले, "लिंगराज, तू फक्त अर्धं शटर ओढ आन गप बस. गाव माझ्याबद्दल काय म्हनतं, ऐकू दे की एकदा."

अप्पा गल्ल्यावरून उठले. शटर अर्ध्यावर ओढलं. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि मागच्या खोलीकडे निघाले.

"तुमी बसा वट्ट्यावर, आबासाहेब," ते म्हणाले, "आज आधी माझा नंबर हाय."