चौदा नंबरची बाटली

'या फ्रिजमध्ये खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत' ही पाटी प्रयोगशाळेच्या फ्रिजवर तिनेच लावली होती, आणि त्याच फ्रिजमध्ये जेवणाचं दहीही तिनेच ठेवलं. ऊन कडक होतं, दुपारपर्यंतचाच प्रश्न होता. दही आणायचं तेही प्रयोगशाळेतल्या कोऱ्या बाटलीत, कारण तिच्या झाकणातून थेंब बाहेर येत नाही.

त्याच कप्प्यात चौदा नंबरची बाटली होती. तिच्या जिवाणूंनी अकरा दिवस दूध आंबवून त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे केले होते, आणि हे तुकडे रोगजंतूंना मारतात, हे तिचं चार वर्षांचं संशोधन. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या परीक्षक बाई तो परिणाम डोळ्यांनी बघायला येणार होत्या. त्यांची सही झाली तर प्रबंध पुढे सरकणार, नाहीतर आणखी एक वर्ष.

तिने बाटलीतली निवळी काढली, तिचा आंबटपणा मारला आणि रोगजंतू पसरलेल्या प्लेटवर तिचे थेंब सोडले. मग हात धुऊन जेवायला बसली.

"आई, आजचं दही कडू होतं," संध्याकाळी ती सासूबाईंना म्हणाली.

"कडू?" सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. "चाळीस वर्षं दही लावतेय मी. आंबट म्हण, पातळ म्हण. कडू म्हणायची हिंमत तुझ्या सासऱ्यांचीही झाली नाही!"

रात्रीच्या जेवणात तिच्या ताटात दही पडलं नाही.

सकाळी मात्र प्लेट बघून तिचे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठलेच. थेंबाभोवती जंतू साफ मेले होते. नेहमीच्या दीडपट रुंद, काचेसारखं स्वच्छ कडं!

"याला म्हणतात निकाल!" सर म्हणाले. "बाई तीनला येतायत. पेढे आणायला सांगू का?"

ती हसत हसत कालची जेवणाची बाटली विसळायला गेली. पालथी केली आणि हसू जागच्या जागी गोठलं. बुडाला तिच्याच अक्षरात '१४' लिहिलं होतं. अंगावरची शाई फ्रिजच्या ओलाव्याने पुसते, म्हणून नंबर बुडाला लिहायचा, ही शिस्तही तिचीच. वरून बघितलं तर दोन्ही बाटल्या जुळ्या बहिणी.

म्हणजे चौदा नंबर तिने जेवणाबरोबर संपवला होता. आणि प्लेटवर जंतू मारले होते ते सासूबाईंच्या दह्याने.

"ताई, गप्प बसा," प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या मावशींनी सगळं ऐकून सल्ला दिला. "गोल ते गोल. त्यावर काय नाव लिहिलंय?"

मोह झाला. पण तीन वाजता बाई प्लेटवर वाकल्या तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, हा चौदावा नमुना नाही."

"मग चौदावा कुठे आहे?"

"मी खाल्ला."

सरांनी पेढ्यांचा पुडा हळूच मागे सरकवला.

बाईंनी चष्मा काढला. "चव कशी होती?"

"कडू."

"कडूच असणार. प्रथिनं तुटली की कडवटपणा येतोच. पोट?"

"ठणठणीत."

"आधीचे तेरा नमुने कुणी खाल्ले नाहीत ना?"

"नाही मॅडम. सगळ्यांच्या प्लेटचे फोटो आहेत, मापं आहेत."

बाईंनी फाइल ओढली. एकेक पान उलटत तेराच्या तेरा फोटो बघितले. तेवढ्या वेळात सरांनी तीनदा घाम पुसला.

"चौदावा पुन्हा करून फोटो पाठवा. सही कुठे करायची?"

तिचा अडकलेला श्वास एवढ्या जोरात सुटला की समोरचे कागद हलले.

"आणि हे कडं कुणाचं म्हणायचं?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"सासूबाईंचं."

"त्यांच्याकडून थोडं विरजण मिळतंय का बघा. पंधरावा नमुना."

घरी आल्या आल्या तिने हात जोडले. "आई, तुमचं दही कडू नव्हतं. मी भलतंच खाल्लं."

"भलतंच म्हणजे?"

"माझे जिवाणू."

सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुन्हा पुन्हा. कडं दीडपट होतं, हा भाग तीनदा.

सकाळी ओट्यावर दोन बाटल्या तयार होत्या. एकीवर 'जेवण', दुसरीवर 'अभ्यास'. झाकणावर, पोटावर आणि बुडाला, तिन्ही ठिकाणी. दूध काढायला ती वळली, तर स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर सासूबाईंच्या टपोऱ्या अक्षरात नवी पाटी:

'या फ्रिजमध्ये प्रयोगाचे पदार्थ ठेवू नयेत.'