मेश्राम काकांची वाटी

दर रविवारी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून आधी एक झाकलेली वाटी येते आणि तिच्यामागून मेश्राम काकांचं डोकं वर येतं.

"चाख वं," काका म्हणतात. "अन् फोड करून सांग."

"चांगलं आहे" हे उत्तर त्यांना चालत नाही. पहिल्या रविवारी मी तेच दिलं तर ते वैतागले. "चांगलं म्हणजे काय? चांगलं तर हवामानही असते. तिखट कुठी लागलं? जिभेले का घशाले? लसूण पुढे आहे का मागे?"

मी साताऱ्याची, नवऱ्याच्या हिंगण्यातल्या नोकरीपायी नागपूरला आलेली. शेजारी ओळख करून घ्यायला येतात हे माहीत होतं, तोंडी परीक्षा घ्यायला येतात हे नवीन होतं. त्यात भाषेचा घोळ. "सांबार कसा लागून राहिला?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी वाटीतल्या वडीत बराच वेळ इडलीबरोबरचं सांबार शोधत बसले. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे नंतर कळलं.

माझं उत्तर काका डोळे मिटून ऐकतात, ओठांतल्या ओठांत पुटपुटतात आणि रिकामी वाटी घेऊन घाईघाईने घरी जातात. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला हा माणूस. घरात ते आणि कुंदाकाकू, दोघंच. थोड्या वेळाने त्यांच्या खिडकीतून खणखणीत आवाज येतो, "कुंदा! लसूण कसा मागून आला वं, पाहुण्यावानी!"

तो पाहुण्यासारखा मागून येणारा लसूण माझा होता. शब्दन् शब्द माझा.

आम्ही चक्रावलो. नवरा म्हणाला, "काकूंच्या हातावर विश्वास नसेल. पूर्वीचे राजे जेवण आधी दुसऱ्याला चाखायला लावायचे, तसं तुला ठेवलंय." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "स्तुती करता येत नसेल बिचाऱ्याला." पण बोलायला काका कुणाला हार जाणारे नव्हते. चहा कसा उकळावा यावर ते सकाळभर बोलू शकतात.

बाकीच्या गोष्टींनी गोंधळ वाढतच गेला. गल्लीतल्या एका बारशाला कढी उतरली होती. पहिल्या घोटालाच सगळ्यांनी द्रोण बाजूला सारले. काकांनी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि "वा!" म्हणाले. एकदा त्यांच्याकडचं दूध करपलं. वास माझ्या घरात आला म्हणून मी धावत गेले, तर काका स्वयंपाकघराकडे पाठ करून शांतपणे वाटाणे सोलत होते.

"काका, दूध!"

"काय झालं दुधाले?"

मग तो रविवार आला. मुलगा, सून आणि नात पुण्याहून आले होते. वाटीत पाटोडीचा रस्सा होता, बेसनाच्या वड्या सोडलेला, वर लाल तर्री. मी चमचा तोंडात घातला.

"काका, मीठ नाही."

"कमी आहे?"

"नाहीच."

त्यांचा चेहरा उतरला. "तिच्या हातून असं कधी होत नाही बापा. अन् आज सुनेसमोर…" ते भिंतीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. "येक काम कर. मीठ दे, आमचा डबा कुठी ठेवते मले ठाऊक नाही. ती मागं कपडे वाळवून राहिली, तेवढ्यात टाकून देतो. किती टाकू?"

"चवीपुरतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "चव मले कुठी आहे वं?" ते हळूच म्हणाले. "मागं मोठा ताप आला होता, त्यात गेली. वास नाही, चव नाही. सारं ओल्या पुठ्ठ्यावानी लागते. तिले नको सांगू. ती इतका जीव लावून करते, अन् मी काय मुकाट्यानं गिळू?"

मी कागदाच्या पुडीत मीठ बांधून दिलं आणि किती टाकायचं ते समजावलं. पुडी मुठीत लपवून ते गेले.

दुपारी कुंदाकाकू आल्या. चेहरा पार गोंधळलेला.

"मले येक सांग," त्या पायरीवरच बसल्या. "रश्श्यात मीठ मी टाकलंच नव्हतं. मुद्दाम. बाकीच्यायले वरून देणार होती. मग जेवाले बसलो तर मीठ बरोबर कसं?"

"मुद्दाम? का?"

"काहून म्हणजे? कधीमधी तसंच करतो मी. वाटते, आज तरी हे म्हणतीन, 'कुंदा, मीठ विसरली.' म्हणजे चव परत आली असं समजन. वाट पाहून राहिली मी त्याची."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"तापातून उठले तवा माह्या हातून चहात साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. अख्खा कप पेले अन् 'फक्कड' म्हणाले." एवढं बोलून काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "मीठ तू दिलं न?"

मी मान हलवली. काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "नको सांगू त्यायले," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा खटाटोप करून राहिले, करू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला गोळाभातासाठी बोलावलं. सगळे खाली पंगतीला बसलो. काकांनी सकाळीच वाटी आणून माझ्याकडून पाठ करून नेलेलं सुरू केलं होतं: भातातला डाळीचा गोळा कसा भुसभुशीत, हिंग कसा दारातूनच हाक मारतो. सून "हो बाबा" म्हणत होती, नात गोळे मोडत होती.

काकूंनी सगळ्यांच्या भातावर फोडणीचं तेल वाढलं. काकांपाशी येताना मात्र त्या परत आत गेल्या, पळी पुन्हा गॅसवर धरली, तेल चांगलं कडकडीत केलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. भातात बोटांनी खळगा केला आणि पळी हळूहळू वाकवली.

चर्रर्र झालं. काका बोलता बोलता थांबले.

"ऐकू आलं?" काकूंनी विचारलं.

"आलं," काका म्हणाले. "मस्त आलं."

काकूंना सगळं ठाऊक आहे, हे काकांना तेव्हा समजलं का, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी ताट काकूंकडे थोडं सरकवलं.

"अजून येकदा टाक," ते म्हणाले. "हळू हळू टाक."