गोटी काय म्हणती

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला शेजारचे मारुतीआप्पा जेवायला आले. पानावर बसण्याआधी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काचेची एक गोटी काढली आणि आमच्या हॉलच्या मधोमध ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग काहीतरी आठवल्यासारखी निघाली, सोफ्याखालून गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन टेकली. सगळी पंगत बघत होती. आप्पांनी सावकाश उठून गोटी उचलली, पुसली आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, "अर्ध्या इंचाचा उतार हाय. पाणी सांडलं तर सैपाकघरात जाईल." एवढं बोलून ते श्रीखंडाकडे वळले.

पुढे महिनाभर आमच्या घरात फरशी बसवणारा गवंडी आणि आप्पा या दोघांवरही सारखाच राग होता.

नंतर कळलं की हा मान आम्हालाच मिळालेला नाही. निपाणीतल्या बहुतेक सपाट जागांची आप्पांनी परीक्षा घेतलेली आहे. बँकेचं काउंटर, मंगल कार्यालयातली जेवणाची टेबलं, दवाखान्यातला बाक. गोटी ठेवायची, दोन बोटं कमरेवर टेकून उभं राहायचं आणि स्वतःलाच विचारायचं, "गोटी काय म्हणती?" पुढे पुढे हा प्रश्न माणसांनाही लागू झाला. गल्लीत कुणाचा जावई आला की आप्पा म्हणत, "पोरगा बरा हाय, पण गोटी जरा फुडं पळती."

या वेडाला एक कारण होतं. आप्पा जातिवंत सुतार. हायवेला त्यांचं शेड होतं आणि तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधल्या. संकेश्वरच्या बाजूला ऊस ओढणाऱ्या कितीतरी ट्रकांचे फाळके, म्हणजे बाजूच्या लाकडी झडपा, त्यांच्या हातचे. ट्रकचा तळ बसवून झाला की मधोमध गोटी ठेवायची, आणि गोटी हलली की सगळा तळ उचकटायचा. तळ एका अंगाला कलता राहिला की ऊस त्या अंगाला कलतो, वळणावर ट्रक कलतो, आणि मग ड्रायव्हरच्या बायकोला काय सांगायचं, असा त्यांचा हिशेब. पुढे कारखान्यातून तयार लोखंडी बॉड्या यायला लागल्या आणि शेड बंद झालं. गोटी मात्र खिशात राहिली.

दुसरी सवय टनांची. कुठलीही वस्तू दिसली की आप्पा आधी विचारणार, किती टन? आमचा फ्रीज आला तेव्हा त्यांनी आतली जागा हातानं मोजली आणि जरा नाराजीनं परत गेले. फार पूर्वी एकदा ते वेंगुर्ल्याला गेले होते. तिथे बंदरात त्यांनी लाकडी गलबत पाहिलं आणि त्याच्या तांडेलाला, म्हणजे कप्तानाला, तेच विचारलं. उत्तर ऐकून आप्पा त्या गलबताच्या प्रेमात पडले. सबंध लाकडाचं, चाक नाही, टायर नाही, पंक्चर नाही, आणि एवढं वजन.

शेड बंद झाल्यावर त्यांनी पुण्याच्या मुलाकडून मोबाईलवर गलबताचा नकाशा मागवला, झेरॉक्सवाल्याकडून तो मोठा करून घेतला आणि अंगणात दीड हात लांबीचं शिडाचं गलबत बांधायला घेतलं. घरात ते एकटेच. त्यांची बायको आम्ही इथे राहायला येण्याआधीच गेली होती. खूप दिवस आजारी होती, एवढंच मला ठाऊक होतं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय या गलबताची गोष्ट पुरी होत नाही.

मी हायस्कुलात मराठी शिकवते. मागच्या दिवाळीनंतर माझ्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. बेळगावच्या दवाखान्यात बारा दिवस काढून घरी आले, तेव्हा जीभ आणि पाय परत मिळाले होते. उजवा हात मिळाला नव्हता. तो होता तिथेच होता, पण पाहुण्यासारखा. पेन दिलं की धरायचा आणि दोन अक्षरांत सोडून द्यायचा. फळ्यावरच्या माझ्या अक्षराचा मला फार गर्व होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. हेडमास्तर येऊन गेले. शाळा मेअखेरीस उघडते, तोवर हात आला तर तुमचे वर्ग तुमचेच, नाहीतर ग्रंथालय सांभाळा, असं फार गोड शब्दांत सांगून गेले. आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक कपाट आहे आणि त्याची किल्ली शिपायाकडे असते.

डॉक्टरांनी दाबायला रबरी बॉल दिला होता. रोज शंभर वेळा. नवरा चिकोडीच्या कचेरीत निघून गेला की मी आणि तो बॉल एकमेकांकडे बघत बसायचो. एक दिवस मी तो डाव्या हातानं जीव खाऊन भिरकावला. तो कंपाउंडवरून आप्पांच्या अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दारात. मला वाटलं, बॉल द्यायला आले. बॉलचं त्यांनी नावही काढलं नाही. म्हणाले, "बाई, माझं एक काम अडलंय. साटा बसवायचाय, आन् मला बारीक दिसंना झालंय. जरा येतासा?"

बैलगाडीचा असतो तो साटा. गलबताच्या डेकला आप्पा तेच म्हणत.

अंगणातल्या बाकावर नकाशा पसरलेला होता. त्यांनी चहा दिला. मी सवयीनं उजवा हात पुढे केला, आणि कपासकट सगळा चहा नकाशावर. लाल स्केचपेननं काढलेल्या खुणा होत्या, त्या पसरल्या. मला रडूच आलं. आप्पांनी नकाशा झटकला, घडी करून काखेत मारला आणि पुन्हा चहा ठेवला. या वेळी अर्धाच कप. तेव्हापासून रोज अर्धा कप, आणि नकाशा मात्र कायम घडी घातलेला. मी मागितला तर म्हणायचे, ते डोकं माझ्याकडं ऱ्हाऊ दे, तुमी हात चालवा.

काम असं होतं. आप्पांनी सागाच्या पातळ पट्ट्या काढल्या होत्या, आगकाडीहून जरा रुंद आणि वीतभर लांब. खऱ्या गलबतात दोन फळ्यांमधल्या फटीत सुतळी ठोकून वर डांबर घालतात म्हणे, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आमच्या गलबतात डांबराच्या जागी पेन्सिल. प्रत्येक पट्टीची कड पेन्सिलीनं काळी करायची, डिंक लावायचा आणि आप्पांनी आधीच बसवलेल्या आडव्या तुळयांवर शेजारच्या पट्टीला भिडवून दाबून धरायची. जोडाशेजारी जोड येता कामा नये. मग तिळाएवढ्या बांबूच्या खुंट्या चिमटीत धरून भोकात बसवायच्या.

पहिल्या दिवशी माझ्याकडून तीन पट्ट्या झाल्या. पेन्सिल चौदा वेळा पडली. आप्पा समोर बसून रंध्याला धार लावत होते आणि अंगणातून दिसणाऱ्या हायवेकडे बघत होते. मधेच म्हणाले, "त्यो केए तेवीस बघा, फाळका सैल झालाय त्याचा." रंध्याची केसाएवढी धार नजरेनं तपासणाऱ्या माणसाला हातातली पट्टी कशी दिसत नाही, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण माझी पेन्सिल पडली होती आणि मी ती शोधत होते.

महाशिवरात्रीच्या सुमाराला साटा पुरा झाला. माझ्या पट्ट्या वाकड्या, फटी भरलेल्या, पण झाला. मी नवऱ्याला बोलावून दाखवला. आप्पांनी खिशातून गोटी काढून मधोमध ठेवली. ती घरंगळत कडेला गेली आणि खाली पडली. मग आप्पांनी पटाशी घेतली आणि दीड महिन्याचं काम माझ्यादेखत उचकटलं.

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी गेले, कारण घरात बॉलही नव्हता.

दुसरा साटा एप्रिलमध्ये झाला. या वेळी रेघा सरळ होत्या. पेन्सिल दिवसातून एखाद्या वेळी पडायची आणि खुंट्या उजव्या चिमटीत बसत होत्या. गोटी मात्र पुन्हा घरंगळली. मी म्हटलं, "आप्पा, एवढ्याशा उताराला कोण विचारतंय? ह्याच्यात कुठं ऊस भरायचाय?" ते म्हणाले, "गोटी काय म्हणती त्ये खरं," आणि पटाशी उचलली. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात जे बोलले ते मराठीच्या बाईंनी बोलण्यासारखं नव्हतं. रागानं पेटून तिसरा साटा मी पंचवीस दिवसांत उठवला, आणि त्यांना एकाही पट्टीला हात लावू दिला नाही.

तिसऱ्यांदा गोटी ठेवली. ती तशीच घरंगळली. मी पटाशीकडे बघत उभी राहिले. आप्पांनी पडती गोटी हातात झेलली, खिशात टाकली आणि म्हणाले, "असू द्या. गोटीच म्हातारी झाली."

मला काहीच कळलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

शाळा उघडली. पहिल्या तासाला मी खडू उचलला आणि फळ्यावर तारीख, वार, धड्याचं नाव लिहिलं. अक्षर पूर्वीचं नव्हतं. ओळ शेवटाकडे जरा खाली उतरली होती. पण ती माझी ओळ होती आणि खडू पडला नाही. मागच्या बाकावरून हेडमास्तर बघत होते, ते उठून निघून गेले.

संध्याकाळी पेढे घेऊन मी आप्पांकडे गेले. ते आत चहा करत होते. अंगणातल्या बाकावर गलबत होतं, शिडं चढवलेलं, आणि शेजारी नकाशा प्रथमच उघडा पडला होता. माझ्या चहाचा डाग अजून तसाच होता. डागाखाली लाल शाई फुटली होती, तरी वाचता येत होती. डेकच्या चित्रावर आप्पांच्या हातची कमान काढलेली आणि खाली लिहिलेलं, "साटा मधी उंच. दोनी बाजूला उतार. पाणी जायला."

मी तो डाग पुन्हा पुन्हा पाहिला. चहा पहिल्या दिवशी सांडला होता. म्हणजे त्याच्या आधीच आप्पांना ठाऊक होतं. गोटी घरंगळणारच होती. घरंगळली तरच साटा बरोबर होता. माझा पहिला, वेडावाकडा साटासुद्धा बरोबर होता.

आप्पा चहा घेऊन बाहेर आले. माझ्या हातात नकाशा बघून त्यांनी हायवेकडे नजर वळवली. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

तिकडेच बघत ते म्हणाले, "आमच्या घरच्यांचाबी ह्योच हात गेलता. चार वर्षं मी भरवलं, येणी घातली, पदर सारखा केला. तिनं वाटी उचलाया घेतली की मी म्हणायचो, ऱ्हाऊ दे, मी हाय न्हवं. अजून लोक म्हणत्यात, आप्पानं बायकोचं लई केलं." ते माझ्याकडे वळले. "लई केलं, बाई. तिला कायबी करू दिलं न्हाई."

मला खूप बोलायचं होतं. आप्पा, तुमच्यामुळे आज मी फळ्यासमोर उभी राहिले, हे तरी म्हणायचं होतं. जमलं नाही म्हणून इथे लिहिते आहे, आणि हातानं लिहिते आहे.

त्यांनी कप माझ्यापुढे धरला. तो काठोकाठ भरलेला होता. मी उजवा हात पुढे केला.