वाढल्या कोठीचे वर्तमान

श्रीचूलदेवी प्रसन्न. जिच्या धुराने डोळे भरतात आणि जिच्या राखेने बी राहते, तिला आधी दंडवत, मग राजास मुजरा. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, वैशाखापासून भाद्रपदापर्यंत एका घाटमाथ्यावरील राज्यात जे जाहले ते ऐकिले तैसे लिहिले असे. राज्याचे नांव लिहावयाची आज्ञा नाही, आणि पुढील मजकूर वाचिता ते कां, हे आपोआप कळेल.

त्या राज्यास खाली उतरावयास घाट एकच. महाराजांस स्वप्न पडले की घाट बुजला आणि ताट रिकामे जाहले. मग महाराज दचकून उठले आणि सदर भरविली आणि आज्ञा केली की घरोघर संकटाची कोठी भरावी, आणि कोठीची खबर दर गुरुवारी सरकारात यावी. त्या कामी चिंतोपंत यांस संकट-सबनीस नेमिले. पंत लिहिणार मोठे, अक्षर मोत्याचे. परंतु जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडिला नव्हता, पाटावर बसावे आणि पुढे आले ते जेवावे, इतकेच ठावे.

पेठेच्या टोकास आवडाबाई म्हणून एक बाई, घरात सात पाने. तिला कोठी सांगावयास राजा लागत नव्हता. तांदळात बिबवे घालावे, डाळीत कडुनिंबाचा पाला घालावा, जुने पुढे ओढावे आणि नवे मागे सारावे, रोज त्यातलेच खावे आणि बाजार येईल तैसे भरावे, ऐसी तिची रीत. आणि एक गाडगे मुगाच्या बियाण्याचे. ते राखेत घोळताना ती गुणगुणे:

दाणा बाई ग लाडका, त्याला राखेत निजवू
उद्या उठेल हिरवा, त्याला मायेनं भिजवू

मग आषाढात दरड कोसळली आणि घाट खरोखरच बुजला. बाजार बंद जाहला. मागून भरणे राहिले, पुढून खाणे चालले. गुरुवारी पंत दारात उभे राहिले, जोडे पायातच, आणि पुसते जाहले, "बाई, ज्वारी काय म्हणते?"

"ज्वारी वाढली हो पंत."

आता कुंकवाचा करंडा रिता जाहला तरी बायका वाढला म्हणतात, बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात, आणि डब्यात हात घालता तळ लागला तरी वाढले म्हणतात. संपले हा शब्द चुलीपुढे कोणी काढीत नाही. पंतांनी मात्र मोत्यासारख्या अक्षराने लिहिले: ज्वारी वाढली.

पुढील गुरुवारी डाळ वाढली. त्यापुढील गुरुवारी तांदूळ, गूळ आणि मीठही वाढले. आवडाबाई मनी म्हणे, सरकारास तीनदा सांगितले, आता तरी घाट मोकळा करतील. आणि तिकडे सदरेत पंत वाचू लागले आणि दरबार डोलू लागला. घरोघरची हीच खबर! लोक जेविताती आणि धान्य वाढते! महाराज बहुत संतोषी जाहले आणि वदले, "ऐसे आहे तर घाट उपसावयाची घाई काय? दरड फोडावयास लाविलेले बेलदार काढा आणि वेशीवर कमान बांधावयास लावा." कमान उभी राहू लागली. मग प्रधानांनी अर्ज केला की जे वाढले ते वरचेवर सरकारात आणावे, घरी ठेवून उगाच सांडेल. तीही आज्ञा जाहली.

हैबती शिपाई पोते घेऊन आला. "मावशे, वाढलेलं काढ."

"अरे मुडद्या, वाढलं म्हणजे वाढलं! काढू काय, माझं कपाळ?"

"सरकारी कागदावर आहे. दडवलंस होय?"

त्याने कणगी उलटी केली, तीतून दोन बिबवे पडले. मग राखेचे गाडगे दिसले, ते त्याने उचलले. आवडाबाईने दुसरा काठ धरिला. "ते बी आहे. माझा जीव ने, पण ते ठेव." त्याने सोडिले नाही, तिने सोडिले नाही, आणि ऐसे दोघे एका गाडग्यास लोंबत सदरेवर आले.

महाराज म्हणाले, "बाई, तीन गुरुवार वाढले वाढले सांगितलेस, ते कोठे आहे?"

 चुलीपुढे न काढावयाचा तो शब्द उच्चारिला तर घरात कायमचा येऊन बसेल ऐसे बाईस भय. तरी गाडग्याकडे पाहिले आणि डोळे मिटून म्हणाली, "संपलं, महाराज. सगळं संपलं. पंत, तुमच्या घरी तरी काय म्हणतात हो?"

पंत बोलले, "आमचेही... वाढलेच आहे," आणि बोलता बोलता खाली बसले.

तोच पडद्याआडून राणीसाहेब वदल्या, "आमचीही कोठी वाढली. आपल्या एका ताटापुरते राखले होते, ते काल वाढले." मग महाराजांनी पडद्याकडे पाहिले आणि पडदा धरिलेले राणीसाहेबांचे मनगट किती बारीक जाहले ते त्यांस प्रथम दिसले.

 सर्वांची नजर गाडग्यावर. प्रधान हळूच म्हणाले, "मुगाची खिचडी बरी होते." महाराजांनी पुसिले, "बाई, हे किती पुरेल?"

"खाल्लं तर दुपारपर्यंत. पेरलं तर तुमच्या नातवापर्यंत."

प्रधान म्हणाले, निम्मे खावे, निम्मे पेरावे, आणि निम्मे म्हणजे किती यास एक मंडळी नेमावी. ती नेमेपर्यंत राणीसाहेब पडदा सारून बाहेर आल्या आणि गाडगे कडेवर घेऊन चालू लागल्या. मग महाराज उठले, आणि सदरेपुढील कवायतीचे मैदान खणावयास लागले, आणि राजा खणितो म्हणता प्रधानासही कुदळ धरावी लागली. बेलदार कमान सोडून घाटास गेले. तोवर आवडाबाईने टाकळा, कुर्डू आणि शेवग्याचा पाला ओळखावयास शिकविले, तेच घरोघर शिजले. दरबारी तोंडे वाकडी करीत, पण वाटी पुढे करीत. भाद्रपदाच्या अखेरीस घाट मोकळा जाहला, तेव्हां मैदानात शेंगा वाळू लागल्या होत्या. आवडाबाईने आपले गाडगे आधी भरून घेतले, उरले ते वाटिले. चिंतोपंतांस दंड इतकाच जाहला की पुढे खबर लिहावी ती जोडे काढून, चुलीपुढे बसून, आणि डब्यात कोपरापर्यंत हात घालून.

एकूण मजकूर ऐसा: राज्य होते, दरड पडली, मूग पेरिले, राज्य राहिले. कमान अर्धीच आहे. तिजवर सध्या भोपळ्याचा वेल चढला असे.