अस्सल चीज आणि अडकणारे खण

दर रविवारचा पास्ता मी करतो आणि तो आमच्या अख्ख्या इमारतीत सर्वोत्तम असतो. असं मी स्वतः निदान चार जणांना सांगितलेलं आहे.

त्या पास्त्यावर आठ वर्षं मी बरणीतलं किसलेलं पार्मेजान चीज भुरभुरवत आलो. मग एकदा चीजच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने चीजच्या चाकाएवढ्या गोल लादीतून कपचा काढून सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरला. मी तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मला कळलं, आठ वर्षं मी घरच्यांना लाकडाचा भुसा खायला घालत होतो.

तळहाताएवढा, पिवळसर, दगडासारखा टणक तुकडा जाड कागदात बांधून मी घरी आणला. त्याच संध्याकाळी उरलेली बरणी वरच्या मजल्यावरच्या बाईंना नेऊन दिली. बाई शाळेत बीजगणित शिकवतात.

"ही तुम्हाला. आमच्याकडे आता असलं चालत नाही," मी म्हणालो. "रविवारी जेवायलाच या. फरक कळेल."

"ठोंब्याला आणलं तर चालेल?"

ठोंब्या म्हणजे बाईंचा कुत्रा. वय बारा. घरात चोर शिरला तर त्यालाच पाणी आणून द्यायला सांगेल, इतका आळशी. चालेल म्हटलं.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. सासूबाई गेल्या आणि बायकोने त्यांना आमच्याकडे आणलं, त्याला चार महिने झाले होते. दिवसभर खिडकीपाशी बसायचे. काहीही विचारा, "हं." चार महिन्यांत त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

"जावईबापू, कपाटाचे खण अडकतात. थोडं मेण आणाल? चोळलं की सरकतील."

"उद्या आणतो, बाबा," मी म्हणालो. आणि हेच तीन आठवडे रोज म्हणत राहिलो.

रविवारी, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे, मी चीज फ्रिजबाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि टोमॅटो आणायला गेलो. परत आलो तर झोपायच्या खोलीच्या दारात बायको तोंडावर हात दाबून उभी. आत सासरे जमिनीवर मांडी घालून बसलेले, आणि चक्क शीळ घालत होते.

"या, या. मेण फार उत्तम आणलंत," ते म्हणाले. "जरा कणीदार आहे, पण सरकतं कसं बघा." त्यांनी एका बोटाने खण ओढला. जड खण पाण्यावरून यावा तसा बाहेर आला. त्यांच्या दुसऱ्या हातात माझं चीज होतं, झिजून साबणाच्या चिपेएवढं झालेलं.

चार महिन्यांत मी ऐकलेलं त्यांचं हे सर्वांत लांब बोलणं.

"मुद्दाम चांगल्यातलं आणलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, एक शब्द बोलू नका त्यांना."

"किती खण झाले?"

"सगळे. खिडक्याही झाल्या. आता न्हाणीघराचं दार घेतो म्हणताहेत."

मी धावत वर गेलो. "बाई, ती बरणी जरा परत मिळेल?"

"पण तुमच्याकडे असलं चालत नाही ना?"

"म्हणजे, तुलना करायला."

"संपली हो ती. निम्मी ठोंब्याने खाल्ली. वेडा झाला होता तिच्यासाठी."

ही माहिती मी नीट ऐकायला हवी होती. तासाभराने बाई जेवायला आल्या. ठोंब्या उंबऱ्यात थबकला, नाक वर केलं आणि जन्मात धावला नसेल असा झोपायच्या खोलीत धावला. आम्ही मागोमाग. तो एकेक खण मन लावून चाटत होता.

सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हा मेण का चाटतोय?"

बाई वाकल्या, खणाचा वास घेतला आणि गणित सोडवून मोकळ्या झाल्या. "हे चीज आहे."

सासऱ्यांनी हातातला तुकडा नाकाशी नेला, मग जिभेला लावला. आता पुन्हा चार महिने "हं" ऐकावं लागणार.

"बाबा, चूक माझी," मी म्हणालो. "मेण आणायचं मीच विसरत राहिलो."

"कागदावर काहीतरी लिहिलेलं होतं खरं," ते हळूच म्हणाले. "पण अक्षरं हल्ली मुंग्यांसारखी दिसतात."

इथे एक सांगायचं राहिलं. माझं चष्म्याचं दुकान आहे. परक्यांच्या डोळ्यांत दिवसभर बॅटरी मारणाऱ्या मला, घरातल्या माणसाचा चष्मा तपासावा असं चार महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. तोंड कुठे लपवावं ते कळेना.

तेवढ्यात बायको हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे गदगदा हलू लागले.

"थांबा. अजून उरलंय," म्हणत ते उठले. आपल्या हत्यारांच्या पेटीतला लहान रंधा काढून गरम पाण्याने घासला, तुकड्याची वरची बाजू तासून टाकली आणि प्रत्येकाच्या ताटावर रंधा फिरवला. कागदाहून पातळ, सोनेरी वळ्या पास्त्यावर पडू लागल्या. असं काम मी कुठल्याच किसणीवर पाहिलेलं नाही. त्यांनी स्वतः दोनदा वाढून घेतलं.

"हिच्या आईला आवडलं असतं," ते म्हणाले. सासूबाई गेल्यापासून त्यांचा विषय सासऱ्यांनी पहिल्यांदाच काढला होता. आतल्या खोलीतून ठोंब्याच्या जिभेचा आवाज तेवढा येत होता. त्या चीजचे उपकार मी जन्मभर मानीन.

सोमवारी त्यांना दुकानात नेऊन डोळे तपासले. गुरुवारी नवा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि ऐटीत विचारलं, "कसं दिसतंय, बाबा?"

त्यांनी सगळ्या दुकानावरून शांतपणे नजर फिरवली. ती भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापाशी थांबली.

"जावईबापू, तो तक्ता दोन बोटं वाकडा आहे."

मी पट्टी लावून पाहिली. खरंच होता. नऊ वर्षं माणसं मान तिरकी करून तो वाचत आली, आणि मी त्यांना मानेच्या डॉक्टरांचा पत्ता देत आलो.