डोस दर दोन तासांनी

गुपित ठेवावं तर माझ्यासारख्यानं! कळंबजवळच्या एका गावात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्या सत्तावन्न सालापर्यंत तरी माझी तशी खात्री होती.

त्याच साली तुळजापुरात बाबूराव मास्तरांची मुलगी बघायला गेलो. चंद्रप्रभा तिचं नाव. तिनं दुधाचा पेला पुढं केला. 'चहा नाही का?' असं विचारायला मी तोंड उघडलं, वर बघितलं, आणि तोंडातून भलतंच निघालं!

"वा! दूधच पाहिजे! चहा म्हणजे निव्वळ विष! मी तर गावाचा चहा सोडवणार आहे!"

चंद्रप्रभा पहिल्यांदाच हसली. मास्तर मात्र सतरंजीकडं बघत बसले. मास्तरांचं जाऊ द्या, मी त्या हसण्यावर पार खलास झालो होतो! गावी परतलो आणि दवाखान्याच्या भिंतीवर पाटीच ठोकली: 'चहा सोडा, आरोग्य जोडा.'

आता तुमच्यापासून काय लपवायचं? हैदराबादला डॉक्टरी शिकताना इराण्याच्या हॉटेलानं मला पुरतं बिघडवलं होतं. दर दोन तासांनी चहा पोटात गेला नाही, तर माझं डोकं चालत नसे. पाटी लावली त्याच दिवशी मी एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला स्टेथोस्कोप लावला आणि त्याला खोल श्वास घ्यायला सांगितलं. बिचाऱ्यानं घेतलासुद्धा!

आमचे कंपाउंडर चाँदपाशा हे बघत होते. पेशंट गेल्यावर म्हणाले, "साहेब, फिकर कायको? मिक्श्चरच्या बाटलीत कोरा चहा भरू. रंग तोच! घरी आमची जमिलाबी करून देती."

दुसऱ्या दिवशी टेबलावर बाटली हजर. डोसांच्या खुणांची कागदी पट्टीसुद्धा त्यांनी कातरून चिकटवली होती. मी दर दोन तासांनी एक खूण प्यायचो. आणि माझी अक्कल बघा, खरं वाटावं म्हणून प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायचो!

आठवडाभर झकास चाललं. मग खोकल्याच्या औषधाला सखूबाई आली आणि मलाच विचारायला लागली, "डाक्टरसाहेब, आता कसं वाटतंय?"

"मला? मस्त!"

"असंच म्हनावं," म्हणून तिनं पदरानं डोळे टिपले. जाताना माझ्या कपाळाला भवानीचा अंगारा लावला आणि स्वतःचं औषध टेबलावरच विसरून गेली. मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी शिवप्पा वाणी चार डाळिंबं ठेवून गेला. तिसऱ्या दिवसापासून पेशंट माझ्या खोलीत यायचेच बंद झाले! बाहेर चाँदपाशांना हळू आवाजात दुखणं सांगायचे आणि जायचे.

"पाशा, हे काय चाललंय?"

"लोकं म्हणतेत, साहेबांना तरास नको."

"कसला त्रास?"

"ते मलाबी मालूम न्हाय!"

त्या रात्री मी आरशासमोर जीभ काढून बघितली, स्वतःची नाडीही मोजली. सगळं ठीक होतं. मग गावाला झालंय तरी काय?

असा महिना गेला आणि बाबूराव मास्तर लग्नाची तिथी पक्की करायला आले. एसटीतून उतरून त्यांनी दवाखाना कुठं म्हणून विचारलं, ते नेमकं सखूबाईला! दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मागं सखूबाई, शिवप्पा आणि निम्मं गाव.

"डॉक्टर, आमच्यापासून लपवलंत? माझी एकुलती एक पोर आहे हो!"

"काय लपवलं?"

"आजार! महिनाभर औषध पिताय म्हणे!"

"म्या सोता मोजलेत," सखूबाई म्हणाली. "आदी दिवसाला सहा डोस व्हते, आता आठ झाल्यात. दुखणं वाढतंय वो!"

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला! अंगारा, डाळिंबं, सगळं त्या बाटलीपायी! पण आता बोलू काय? आजारी आहे म्हणावं तर लग्न मोडतं. चहा आहे म्हणावं तर खोटारडा ठरतो, तरीही लग्न मोडतं. वर डोक्यावर माझीच पाटी!

"ताकतीची दवा है, मास्तरसाब!" चाँदपाशा मध्येच बोलले.

"असं? मग मलाही एक डोस द्या."

"नको, नको! फार कडक आहे!" मी बाटली पाठीमागं लपवली. मास्तरांनी ती काढून घेतली आणि एक खूण प्याले. डोळे मिटले. आटोपलं, मी म्हटलं, गेली चंद्रप्रभा!

मास्तरांनी डोळे उघडले आणि दुसरी खूण प्याले. मग तिसरी! मिशा पुसून ते गावकऱ्यांकडं वळले.

"कडू आहे, पण औषध अस्सल आहे. डॉक्टरांना काही झालेलं नाही. काम फार पडतं, म्हणून शक्तीसाठी घेतात."

लोक हायसं वाटून पांगले. मास्तरांनी तिथीचा कागद माझ्या हातात ठेवला आणि कानाशी लागून म्हणाले, "साखर जरा वाढवायला सांगा."

या माणसानं मला का वाचवलं? लग्न होईपर्यंत मला याचा उलगडा झाला नाही. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी चाचरत म्हटलं, "घोटभर चहा…"

"चहा?" चंद्रप्रभा हसायला लागली. "माझी परीक्षा बघताय होय? अहो, चहाबाज म्हणून तीन स्थळं नाकारली मी! बाबांचा चहा तर सहा वर्षांपूर्वीच बंद केलाय."

सहा वर्षं! बिचारे मास्तर! आता ते दर पौर्णिमेला 'औषधाला' आमच्याकडं यायला लागले. येताना पट्टी लावलेली स्वतःची बाटली आणायचे. सासरा-जावई दवाखान्यात बसून डोस घ्यायचो. काय सुखाचे दिवस होते!

पण सखूबाईच्या पोटात काही राहायचं नाही. आठ डोसांची गोष्ट चंद्रप्रभाच्या कानावर गेलीच.

"इतकं तयार औषध बरं नव्हे," ती म्हणाली. "बाबांचं आणि तुमचं, दोघांचंही आता मीच बघते."

तेव्हापासून ती रोज पहाटे उठून काडेचिराइताचा काढा उकळते आणि बाटलीत स्वतः भरते, पट्टीच्या शेवटच्या खुणेपर्यंत. चाँदपाशांना सक्त ताकीद आहे, डोस चुकता कामा नये!

मी घेतो. पौर्णिमेला मास्तरही घेतात. तोंड वाकडं करायचं नाटक तेवढं आता करावं लागत नाही.