आत्याबाईनं उलथवलेलं वरण

लोक दुसऱ्याच्या घरी गेले की आधी पाणी मागतात. आमची भागरता आत्याबाई आधी डाळीचा डबा मागायची. मागायची हेसुद्धा ती घरातली म्हणून मी सौम्य करून सांगतो. पाय धुतले न धुतले की ती सरळ चुलीपाशी जायची, डब्यात कोपरापर्यंत हात घालायची आणि मूठभर डाळ दाराच्या उजेडात तळहातावर पसरून एकेक दाणा अंगठ्यानं उलटा करायची. सगळी तूर निघाली तर घरची बाई सुटली. लाखोळीचा एक जरी चपटा, कोपरे असलेला दाणा दिसला, तर त्या घराच्या तीन पिढ्यांची नावं घेऊन ती पाणी न पिता परत फिरायची. आमच्या गावात पाहुणी म्हणून तिला कोणी मनापासून बोलावल्याचं मला आठवत नाही. पण ती यायची.

लाखोळी म्हणजे काही विष नव्हे, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. आमच्या झाडीपट्टीत, मूल-सिंदेवाहीच्या बाजूला, धान कापायच्या आधीच बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, ओलीत लाखोळीचं बी फेकून देतात. नांगरणी नाही, निंदण नाही, तरी येते. सगळ्यांत स्वस्त डाळ तीच. तिचे वडे असे कुरकुरीत होतात की बाजाराच्या दिवशी मी नाक्यावरून मुद्दाम लांबच्या वाटेनं यायचो, चार वडे उभ्याउभ्या खायचो आणि मिशा धोतराच्या सोग्याला पुसून घरी शिरायचो.

मी जंगलखात्यात नाकेदार होतो. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी अडवायची, गवताच्या भाऱ्याखाली हात घालून चोरीचं सागवान शोधायचं, हे माझं काम. बाहेर मला पाहून गाडीवान बैल थांबवत. घरी मात्र आत्याबाई मला थांबवायची आणि जवळ येऊन माझं तोंड हुंगायची.

ती बाबांची थोरली बहीण. जाणती व्हायच्या आधीच विधवा होऊन माहेरी आली. पुढे मोठ्या दुष्काळात आई-बाप गेले आणि धाकट्या भावाला, गणपतला, तिनं एकटीनं वाढवलं. बाबांचे पाय पोरवयातच तापानं गेले, असं बाबाच सांगत. गुडघे वाकलेले, टाचा जमिनीला लागत नसत. दोन काठ्यांवर भार टाकून ते एका पायापुढून दुसरा ओढत चालत. तसे पायाचे अधू दोघं-तिघं त्या वेळी दर गावात असत. कोणाला वारं लागलं म्हणत, कोणाला करणी केली म्हणत, आमच्या बाबांना ताप. मी कधी जास्त विचारलं नाही. बाबा दिवसभर ओसरीवर अंबाडीचे दोर वळत बसत आणि कोणावर रागावत नसत. भावाच्या वाट्याचा रागही बहिणीनंच घेतला होता.

आणि तो राग ती रोज वापरायची. भाताची पेज कोणी ओतून दिली की ती अंगणात उभी राहून सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐकवायची. फणसाच्या बिया, चिंचोके, दुधीची सालं, सगळं तिच्या हिशेबी अन्न होतं. आगकाडी उभी चिरून तिच्या दोन करायची, त्यातली एक विझली की दोष माझा. ताटात मी चार शितं ठेवली तर म्हणायची, "तुमाले भूक कुठी लागते? तुमचा तं फक्त टाईम होते." हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही घड्याळ पाहून जेवायला बसताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

वर्षातून एक दिवस ती सगळ्या घराला उकडलेली मोहफुलं खाऊ घालायची. दुसरं काही नाही, मीठसुद्धा नाही. पोटाला ओळख राहावी म्हणून. त्याच दिवशी एकदा रेंजरसाहेब नाक्यावर तपासणीला आले. मी सलाम ठोकला. साहेबांनी माझ्याजवळचा वारा दोनदा ओढून घेतला आणि ड्यूटीवर असताना किती घेतली ते विचारलं. मी म्हणालो, साहेब, घेतली नाही, खाल्ली. त्यावर त्यांनी जो शेरा लिहिला तो माझ्या कागदात निवृत्तीपर्यंत राहिला. घरी येऊन मी तणतणलो, तर आत्याबाई म्हणाली, "तुह्या साहेबाले धाड इकडं. त्यालेबी दोन मुठी देतो."

अशा बाईच्या घरात मी माझ्या लेकीचं, कुसुमचं, लग्न काढलं.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, पण मालगुजारासारखं लग्न करायची हौस गेली नव्हती. वरपक्ष नागभीडकडचा, खाऊनपिऊन सुखी. व्याहीबुवा फेटा बांधणारे, कमी बोलणारे, आणि जे बोलायचे ते आपल्या मानाबद्दल. मला सगळं त्यांच्या तोलाचं करायचं होतं आणि जमेल तेवढं स्वस्तात करायचं होतं. तूर महागली होती. मी दौलत आचाऱ्याला बाजूला घेतलं आणि अर्धी तूर, अर्धी लाखोळी असं ठरवलं. दौलत म्हणाला, वरून फोडणी अशी देतो की ब्रह्मदेवाला कळणार नाही. मी म्हणालो, ब्रह्मदेवाची काळजी नाही.

आत्याबाईला मांडवाच्या मागच्या बाजूला फिरकू द्यायचं नाही, हा माझा सगळ्यांत मोठा बंदोबस्त होता. मी तिला पत्रावळींचा ढीग दिला आणि यातल्या फाटक्या वेगळ्या काढ, हे काम दुसऱ्या कोणाला जमायचं नाही, असं सांगितलं. तिला तपासणी आवडायची. ती बसली. मला वाटलं, इतकी वर्षं गाड्या अडवल्याचं सार्थक झालं.

लग्न लागलं. दुपारची पंगत बसायची तयारी झाली. आणि तेवढ्यात दौलतनं भाताची पेज काढून मातीत ओतायला सुरुवात केली.

मांडवात सनई होती, पोरं होती, शंभर माणसं बोलत होती. त्या सगळ्यातून आत्याबाईला पेज सांडल्याचा आवाज ऐकू आला. ती पत्रावळी टाकून उठली आणि मागे धावली. दौलतला बह्याड, भैताड, बापाच्या कोठारातली पेज काय रे, इथपर्यंत मी ऐकलं आणि निश्चिंत राहिलो, कारण हे नेहमीचंच. मग एकदम शांत झालं. मी धावलो.

ती वरणाच्या गंजासमोर उभी होती. नाक वर करून वाफेचा वास घेत होती. मग तिनं पळी घातली, अर्धवट शिजलेला एक दाणा काढून बोटांत धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी हसल्यासारखं केलं. तिनं चुलीशेजारचं लाकूड उचललं, गंजाच्या बुडाखाली घातलं आणि त्यावर आपला सगळा भार टाकला. तिचा भार फार नव्हता. बाकीचं काम रागानं केलं. दीडशे माणसांचं वरण वाफाळत मांडवाच्या मागच्या मातीत गेलं. दौलत उडी मारून वाचला.

जी बाई सांडलेलं शीत वेचून तोंडात टाकायची, तिनं हे केलं. मला तर पहिल्यांदा ती वेडी झाली असंच वाटलं.

"पोरीच्या लग्नात लोकायले लाखोळी खाऊ घालून राह्यला काय रे तू?" ती ओरडली. सनई त्याच वेळी श्वास घ्यायला थांबली होती. सगळ्या मांडवानं ऐकलं.

व्याहीबुवा उठले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. "नाकेदार, लाखोळी आम्ही सालदाराले देतो. आम्ही काय तुमचे सालदार आहो?"

त्यांची माणसं हात झटकून उठायला लागली. वऱ्हाड न जेवता परत गेलं तर कुसुमला त्या घरात आयुष्यभर काय ऐकावं लागेल, हे मला एका क्षणात दिसलं. मी हात जोडायला पुढे झालो, तर आत्याबाई माझ्या आधी.

"सालदाराले पोट वेगळं असते काय?" तिनं व्याह्यांना विचारलं. फेटेवाल्यांना असं कोणी विचारत नाही. "त्याले पाय नसते काय? धान तुमच्या कोठीत, आन लाखोळी त्याच्या पोट्ट्याच्या ताटात. काऊन?"

आता सगळं संपलं, असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाबा येत होते. चारचौघांसमोर बाबा कधी चालत नसत. पंगत बसायच्या आधी ते बसून घेत आणि सगळे गेले की उठत. त्या दिवशी ते दोन काठ्यांवर, पाय ओढत, सगळ्या वऱ्हाडामधून व्याह्यांपर्यंत गेले. बराच वेळ लागला. व्याहीबुवा त्यांच्या पायांकडे पाहत राहिले.

"भाऊ," बाबा म्हणाले, "थोडा दम धरा. तूर शिजवतो."

व्याहीबुवा खाली बसले आणि त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग बाकीचे बसले. शेजारच्या घरांतून तूर आली, दौलत रडत रडत फोडणी देऊ लागला, आणि पंगत उन्हं कलता कलता उठली. व्याहीबुवांनी दोनदा वरण मागून घेतलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा मान राखला.

कुसुम सासरी गेली आणि माझा राग, जो मी दिवसभर फेट्याखाली दाबून ठेवला होता, बाहेर आला. मी आत्याबाईला जे बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटचं लिहितो, कारण ते मलाच लिहायला हवं. मी म्हणालो, उद्यापासून हे घर तुझं नाही, जिथं सगळ्यांची डाळ चांगली आहे असं घर शोध. तिला दुसरं घर नव्हतं. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते बोललो.

आयुष्यात पहिल्यांदा ती उत्तर न देता आत गेली.

बाबांनी मला ओसरीवर बोलावलं. त्यांच्या हातात दोर होता, पण ते वळत नव्हते.

"ताप नव्हता बा," ते म्हणाले. "लाखोळी होती."

दुष्काळात दोघं बहीणभाऊ मालगुजाराच्या बांधावर माती टाकायला जात. मजुरी म्हणून लाखोळी मिळे, दोघांना दोन वाटे. आत्याबाई म्हणे, मला ती पचत नाही, पोट दुखते. ती तरोट्याचा पाला आणि मोहफुलं उकडून खाई आणि आपला वाटा भावाच्या ताटात घाली. बाबा वाढत्या वयाचे, त्यांना भूक आवरत नसे. चार-पाच महिने दोघांची लाखोळी त्यांनी एकट्यानं खाल्ली. एक दिवस बांधावर विसाव्याला बसले, ते उठता येईना.

"व्याह्यानं पाय पाह्यले, त्याले समजलं," बाबा म्हणाले. "तू नाकेदार. तुले फक्त लाकूड दिसते."

मी विचारलं, मग इतकी वर्षं ताप का सांगत होता?

"मंग काय सांगू तिले?" बाबांनी दोर खाली ठेवला. "का तू उपाशी राहून मले लंगडं केलं?"

सकाळी मी तिला शोधत मांडवामागे गेलो. सांडलेल्या वरणाचा थर मातीवर वाळून फुटला होता. आत्याबाई कुदळीनं खड्डा खोदत होती. गाईनं तोंड लावू नये म्हणून सगळं पुरायचं होतं. वय सत्तरीचं, कुदळ तिच्यापेक्षा जड. मी ती हातातून घेतली. तिनं दिली, पण शिवी देऊन.

मी खोदत राहिलो. शेवटी मी एवढंच म्हणालो, "आत्याबाई, बाबाचे पाय..."

"तापानं गेले," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे अशी पाहत होती की नाक्यावरचा कोणताही गाडीवान त्या नजरेखाली आपणहून लाकूड काढून देईल.

"गणपत तसं सांगते ना? मंग तापानंच. लाखोळीनं बाकीच्यायचे गेले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एवढी वर्सं माह्यासाठी एक खोटं सांभाळून राह्यला तो. मले ठाऊक हाय हे त्याले समजलं, तं तो कोणाच्या तोंडाकडं पाहीन? तू तोंड उघडलं तं याच खड्ड्यात घालीन तुले. आन मले घरातून काढनारा तू कोन? माह्या भावाचं घर हाय हे."

मी मान हलवली आणि माती ओढली. ती काही वेळ उभी राहून खड्डा नीट भरतो की नाही ते पाहत होती. मग पदराला हात पुसत ओसरीकडे गेली. बाबा कालच्या चालण्यानं भिंतीला टेकून पडले होते. तिनं आधी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"ताप तं नाई ना तुले?" तिनं खेकसून विचारलं.

"नाई," बाबा म्हणाले.

"मंग पाय इकडं कर," ती म्हणाली, आणि तेलाची वाटी पुढे ओढून खाली बसली.